बोटुलिझममध्ये बंद पडलेला श्वास: उंदरांना वाचवणारं औषध माणसाला का देत नाहीत?

प्रश्न: माझी भाची तिबिलिसीला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणीच्या घरी बरणीत साठवलेल्या भाज्या खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी तिला एकाचे दोन दिसू लागले, मग घास गिळता येईना आणि तिसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर लावावा लागला. बोटुलिझम म्हणून निदान झालं, अँटिटॉक्सिनही दिलं. आज बारावा दिवस, काहीच फरक नाही. ३,४-डायअमिनोपायरिडीन नावाच्या औषधाने असेच लुळे पडलेले उंदीर वाचले, असं वाचनात आलं. हे औषध माणसांसाठी मिळतं म्हणे. मग तिला का देत नाहीत? तिला पुण्यात आणून देता येईल का? (एक मावशी, कोथरूड)

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर आधी बोलते, कारण त्या वाक्याने तुमची झोप उडवली असणार. "बारावा दिवस, काहीच फरक नाही." बोटुलिझम म्हणजे अन्नात वाढलेल्या एका जंतूच्या विषाने येणारा लकवा, आणि या आजारात बारा दिवस म्हणजे फार थोडे. तीन-चार आठवडे, कधी दोन-तीन महिने व्हेंटिलेटरवर काढून पुढे स्वतःच्या पायांनी घरी गेलेल्या रुग्णांच्या नोंदी पुष्कळ आहेत. श्वास देणारी यंत्रं नव्हती तेव्हा बोटुलिझमचे निम्म्याहून जास्त रुग्ण दगावायचे. आज चांगल्या आयसीयूमध्ये शंभरातले पाचसुद्धा जात नाहीत. तुमच्या भाचीच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीला यंत्र जोडलेलं आहे, अँटिटॉक्सिन मिळालेलं आहे. म्हणजे आज जगात या आजारावर जे नक्की उपयोगी म्हणून माहीत आहे, ते तिला मिळालं आहे.

आता औषधाबद्दल. मी पुण्यात पंचवीस वर्षं आयसीयूत काम करते. नक्की निदान झालेला बोटुलिझम मी स्वतः एकदाच सांभाळला आहे. आपल्याकडे हा आजार क्वचित होतो आणि झाला तरी क्वचित ओळखला जातो. १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेत शेव खाऊन ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघं गेले, तेव्हा तपासात याच विषाचा ई प्रकार निघाला होता (या विषाचे ए, बी, ई असे वेगवेगळे प्रकार असतात). पण श्वास बंद पडलेला, बुद्धी शाबूत असलेला, लुळा माणूस म्हटलं की आम्हाला आपल्या भागातले दोन आजार चांगले परिचयाचे आहेत. एक मण्यार चावलेला. दुसरा जीबीएस, म्हणजे गिया-बारे नावाचा मज्जातंतूंचा लकवा, ज्याचे २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात २००हून अधिक संशयित रुग्ण निघाले आणि पुण्यातले व्हेंटिलेटर कमी पडतात की काय अशी वेळ आली. जीबीएस साधारणपणे पायांकडून वर चढतो. बोटुलिझम वरून खाली उतरतो: पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, मान धरवत नाही, मग हात, आणि श्वास. ताप नाही, संवेदना शाबूत, मेंदू पूर्ण जागा.

हे विष नेमकं काय करतं, ते कळल्याशिवाय औषधाचं गणित कळणार नाही. मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाच्या बारीक बारीक पुड्या भरलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की या पुड्या टोकाच्या भिंतीला चिकटतात, फुटतात, रसायन स्नायूवर पडतं आणि स्नायू आकसतो. पुडी भिंतीला जोडून घ्यायला तीन प्रथिनांची गाठ लागते. बोटुलिनम विष मज्जातंतूच्या आत शिरतं आणि कात्रीसारखं काम करून त्या तिघांपैकी एकाला कापतं. ए आणि ई प्रकारचं विष स्नॅप-२५ नावाचं प्रथिन कापतं. बी प्रकारचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं. पुड्या भरलेल्याच राहतात, हुकूमही येतो, पण जोडणी होत नाही.

अँटिटॉक्सिन काम करतं ते रक्तात फिरणाऱ्या विषावर. मज्जातंतूच्या आत शिरलेल्या कात्रीपर्यंत ते पोचत नाही. म्हणून ते जितकं लवकर तितकं बरं, आणि म्हणूनच ते दिल्यावर रुग्ण उठून बसत नाही. जे लुळं पडलं ते लुळंच राहतं, पुढचं नुकसान तेवढं थांबतं. मण्यारीच्या लसीचंही, म्हणजे तिच्या विषावरच्या उताऱ्याचंही, असंच आहे. उशिरा आलेल्या रुग्णाला आम्ही लस देतो तेव्हा नातेवाइकांना आधीच सांगतो की लस दिली म्हणजे डोळे उघडतील असं समजू नका.

तुम्ही वाचलेलं औषध वेगळ्याच ठिकाणी हात घालतं. मज्जातंतूच्या टोकाला पोटॅशियमची दारं असतात. ती उघडली की हुकूम संपतो. ३,४-डायअमिनोपायरिडीन, म्हणजे अमिफॅम्प्रिडीन, ती दारं अडवून धरतं. त्यामुळे हुकूम थोडा जास्त वेळ टिकतो, तेवढ्या वेळात जास्त कॅल्शियम आत येतं, आणि जी काही जोडणी शिल्लक आहे तिच्यातून नेहमीपेक्षा जास्त पुड्या फुटतात. आपल्याकडे पेठेतल्या जुन्या वाड्यांत पाण्याला जोर नसला की नळ जास्त वेळ सोडून ठेवतात, तसं. पाइप अर्धा तुंबलेला असेल तर जास्त वेळ सोडलेल्या नळातून बादली भरते. पाइप पूर्ण बंद असेल तर रात्रभर नळ सोडून ठेवला तरी बादली कोरडीच. औषध कात्रीला हात लावत नाही, विष काढत नाही, कापलेलं प्रथिन जोडत नाही. उरलेल्यातून जास्त काम करून घेतं.

उंदरांचा प्रयोग मी बारकाईने वाचला आहे आणि तो खरोखर चांगला आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात उंदरांना ए प्रकारचं विष दिलं, निम्मे उंदीर मरतील अशा मात्रेच्या अडीचपट. दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत काही उंदरांना हे औषध सतत, थेंबाथेंबाने चालू ठेवलं. ज्यांना नुसतं सलाईन मिळालं ते सगळे मेले. ज्यांना पुरेशा वेगाने औषध मिळालं ते सगळे जगले आणि औषध थांबवल्यावरही पुन्हा लुळे पडले नाहीत. विष आत असताना औषधाने श्वास तगवून धरला आणि तोवर मज्जातंतूने आपली दुरुस्ती करून घेतली. माझ्यासारख्या डॉक्टरला हे वाचून आनंद होणारच.

पण त्याच लेखाचा आधीचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. सुरुवातीला संशोधकांनी औषध सतत न देता ठरावीक अंतराने इंजेक्शनांतून दिलं होतं. तेव्हा उंदीर सुधारले, आणि शेवटच्या इंजेक्शननंतर काही तासांत पुन्हा ढासळून मेले. कारण हे औषध शरीरातून फार लवकर निघून जातं. माणसातही काही तासांतच त्याचा असर ओसरतो. माझ्या दृष्टीने या औषधाच्या चाचणीतली खरी जोखीम इथेच आहे, आणि तिच्याबद्दल पुढे लिहिते.

त्याआधी तुमच्या भाचीचं. ती जॉर्जियात आहे. त्या देशात घरी बरण्यांत भाज्या साठवायची जुनी पद्धत आहे आणि बोटुलिझमचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत तो मोजला जातो. १९८० ते २००२ या काळात तिथे ८७९ रुग्ण नोंदले गेले. म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी हा आजार पुण्यातल्या आम्हा सगळ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाहिलेला आहे. आणि तिथे मुख्यतः बी प्रकार आढळतो. उंदरांचा प्रयोग ए प्रकारावरचा होता. या जातीची औषधं ए प्रकारच्या लकव्यात जितकी चालतात तितकी बी प्रकारात चालत नाहीत, हे १९८०च्या दशकापासून प्रयोगशाळेत दिसत आलं आहे. कापलं जाणारं प्रथिनच वेगळं आहे. त्यामुळे "उंदीर वाचले, मग भाची का नाही" या प्रश्नात पहिली अडचण हीच की ते उंदीर ज्या विषाने आजारी होते ते तिच्या शरीरात आहेच असं नाही. तिच्या रक्तात किंवा शौचात, किंवा त्या बरणीत कोणता प्रकार सापडला, हे तिथल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

दुसरी अडचण वेळेची. उंदरांना औषध सुरू झालं तेव्हा ते आजारी होते, पण श्वास पूर्ण बंद पडलेला नव्हता. पाइप अर्धा तुंबलेला होता. हे औषध उपयोगी ठरलं तर दोन वेळी ठरेल असं मला वाटतं. एक, रुग्ण घसरतो आहे पण अजून पूर्ण लुळा नाही तेव्हा. दोन, बऱ्याच दिवसांनी मज्जातंतू सावरू लागलाय, व्हेंटिलेटर हळूहळू कमी करायचा आहे, पण जोर थोडा कमी पडतो आहे तेव्हा. या दोहोंच्या मधला जो खोल दरीसारखा काळ असतो, ज्यात तुमची भाची आत्ता आहे, त्यात औषधाला काम करायला शिल्लकच फार थोडं असतं.

असं काही आधी करून पाहिलं का? पाहिलंय, आणि त्या अनुभवांनीच आम्ही सावध झालो आहोत. १९६०-७०च्या दशकांत ग्वानिडीन नावाचं औषध बोटुलिझममध्ये बरंच वापरलं गेलं. सुरुवातीला मोठी आशा होती, पुढे नीट तुलना केल्यावर श्वासावर उपयोग दिसेना, आणि ते मागे पडलं. १९७८ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला डबाबंद सॅमन मासा खाऊन चार जणांना ई प्रकारचा बोटुलिझम झाला, दोघं गेले. त्यांच्यावर उपचार करताना याच कुळातलं ४-अमिनोपायरिडीन देऊन पाहिलं होतं. हातापायांत जोर आला, पण थोडा वेळच, आणि श्वासाच्या स्नायूंना फायदा झाला नाही. मी निवासी डॉक्टरांना शिकवते तेव्हा हे उदाहरण आवर्जून सांगते. लुळ्या माणसाने हात उचलला की खोलीतले सगळे हरखतात, नातेवाईक रडतात, डॉक्टरही खूश होतात. पण हात उचलल्याने कुणी जगत नाही. तुमचंच ३,४-डायअमिनोपायरिडीन १९९०च्या दशकात पापुआ न्यू गिनीत तायपान साप चावलेल्या रुग्णांना दिलं गेलं, कारण त्या सापाचं विषही आपल्या मण्यारीसारखं मज्जातंतूच्या टोकावर घाव घालतं. तिथेही रुग्णाच्या प्रकृतीत म्हणावा असा फायदा झाला नाही.

मग हे औषध वाईट का? अजिबात नाही. लॅम्बर्ट-ईटन नावाच्या एका दुर्मीळ आजारात ते आपली योग्यता सिद्ध करून बसलेलं आहे. युरोपात २००९ साली आणि अमेरिकेत २०१८ साली त्यासाठी मान्यता मिळाली. एका आजारासाठी मान्य असलेलं औषध दुसऱ्या जीवघेण्या आजारात वापरून पाहणं यात गैर काहीच नाही. आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी हेच केलं. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध. कोकणात लाल विंचू चावून माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती, शंभरात तीसेक. विंचवाच्या विषाने शरीरात नेमकं काय बिघडतं हे रुग्णाच्या उशाशी बसून समजून घेऊन त्यांनी हे औषध वापरलं, नोंदी ठेवल्या, १९८०च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं, आणि मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आलं. तरी ते तिथे थांबले नाहीत. २०११ साली ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केलेली चाचणी त्यांनी प्रसिद्ध केली, प्राझोसिन एकटं आणि प्राझोसिनबरोबर विंचवाची लस अशी तुलना करून. लसीसह दिलेले रुग्ण लवकर बरे झाले. आपलंच औषध यशस्वी झालेलं असताना ते पुन्हा तुलनेला लावायचं, याला मोठी निष्ठा लागते. मला अशा कामाबद्दल अतिशय आदर आहे, आणि बोटुलिझमच्या या औषधाचंही असंच व्हावं असं मनापासून वाटतं.

अडचण अशी की कोकणात विंचू दर पावसाळ्यात चावतात, बोटुलिझम तसा होत नाही. एखाद्या शहरात वर्षानुवर्षं एक रुग्ण नाही, आणि मग एका जेवणावळीतून एकदम शंभर. थायलंडमध्ये २००६ साली नान प्रांतात घरी डब्यात साठवलेले बांबूचे कोंब खाऊन २०९ लोक आजारी पडले, त्यातल्या ४२ जणांना व्हेंटिलेटर लागला. एका ग्रामीण भागात एकाच आठवड्यात ४२ व्हेंटिलेटर! पुण्याबाहेर, भोरला किंवा जुन्नरला असं झालं तर काय होईल, हा विचार करून बघा. अशा वेळी दहा-बारा माणसांची नळी टळली किंवा दोन दिवस पुढे ढकलली गेली तरी केवढं मोठं काम होईल. म्हणून मला हे औषध तपासलं जायला हवं असं वाटतं. पण ते त्या गर्दीत घाईघाईने नको, त्याची तयारी आधी झालेली हवी.

अमेरिकेत यासाठी एक नियम आहे, २००२ पासून. ज्या आजारात माणसांवर उपयुक्तता तपासणं शक्य किंवा नैतिक नाही, त्यात प्राण्यांवरच्या भक्कम पुराव्यावर औषधाला मान्यता देता येते; माणसांवर फक्त सुरक्षितता दाखवायची. घोड्यांच्या रक्तापासून केलेलं, विषाच्या सातही प्रकारांवर चालणारं अँटिटॉक्सिन २०१३ साली याच वाटेने मान्य झालं. पण अँटिटॉक्सिनचं काम सरळ आहे, विषाला धरणं. श्वासाचा जोर वाढवणाऱ्या औषधाबाबत उंदरावरून माणसाचा अंदाज बांधणं मला तितकं सोपं वाटत नाही.

मी चाचणी आखायला बसले तर पहिलं कलम असं लिहीन: अँटिटॉक्सिन कुणाचंही चुकणार नाही आणि त्याला उशीर होणार नाही. औषध त्याच्या जोडीला. त्याच्याऐवजी कधीच नाही. दुसरं कलम मोजमापाचं. हातापायांचा जोर नाही मोजायचा, श्वास मोजायचा. एका दमात किती हवा बाहेर टाकता येते, ती किलोमागे १५ ते २० मिलिलिटरच्या खाली येतेय का. तोंडात धरायच्या मापकातून श्वास आत ओढायचा जोर किती. सोनोग्राफीवर श्वासपटल प्रत्येक श्वासाला किती जाड होतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतोय का. बोटाला लावलेल्या क्लिपवर ऑक्सिजन ९८ दिसतो म्हणून समाधान मानणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, आणि अशा रुग्णांत तो आकडा अगदी शेवटी पडतो. खाटेजवळ यंत्र नसेल तर रुग्णाला म्हणायचं, एक दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात अंक मोजा. निरोगी माणूस चाळीसच्या पुढे सहज जातो. संध्याकाळी तिसापर्यंत जाणारा रुग्ण रात्री पंधरावर अडकला, आणि उशीवरून मान उचलता येत नाही, तर आम्ही नळीची तयारी करतो, एबीजीच्या, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीच्या, रिपोर्टची वाट न पाहता.

तिसरं कलम तुलनेचं. रुग्ण इतके थोडे की दोन मोठे गट करणं कठीण. इथे औषधाचा दोषच कामाला येतो. त्याचा असर काही तासांत ओसरतो, म्हणून एकाच रुग्णाला एका सत्रात औषध आणि दुसऱ्या सत्रात नुसतं सलाईन देता येतं, कोणतं कधी हे चिठ्ठीने ठरवून, आणि श्वास मोजणाऱ्याला ते न सांगता. रुग्णाची तुलना त्याच्याशीच होते. मात्र रुग्ण दिवसागणिक आपोआप सुधारतही असतो, त्यामुळे ही अदलाबदल एकदाच करून चालणार नाही, अनेकदा करावी लागेल.

आता ती जोखीम, जिच्याबद्दल पुढे लिहीन म्हटलं होतं. समजा घसरणाऱ्या रुग्णाला औषध दिलं. तो सावरला, दमात पुन्हा पस्तीस अंक मोजू लागला. सगळ्यांना हायसं वाटलं, नळी घालायचं पुढे ढकललं. रात्री दोनला पंपातली सिरिंज संपली, किंवा शिरेतली सुई निघाली, आणि तासाभरात रुग्ण निळा पडला. उंदरांत झालं तेच. म्हणून चाचणीच्या नियमांत हे लिहिलेलं असलंच पाहिजे की औषधाने आलेल्या जोरावर भिस्त ठेवून रुग्णाला आयसीयूबाहेर ठेवायचं नाही, आणि नळी घालणारा हात चोवीस तास जवळ असला पाहिजे.

शिवाय मात्रेचा प्रश्न. लॅम्बर्ट-ईटनला गोळ्या देतात, पण बोटुलिझममध्ये आतडीही मंदावतात, पोट फुगतं, नाकातल्या नळीतून दिलेली गोळी कधी आणि किती रक्तात जाईल याचा भरवसा नसतो. म्हणजे शिरेतून, सतत. आणि हे औषध शरीर ज्या विकराने (एन्झाइमने) निकामी करतं, तेच टीबीच्या आयसोनियाझिडलाही निकामी करतं. आपल्याकडच्या डॉक्टरांना माहीत असतं की काहींच्या शरीरात आयसोनियाझिड रेंगाळतं आणि काहींच्या शरीरातून भराभर निघून जातं. भारतात रेंगाळणारे बरेच. त्यामुळे एकच मात्रा एका रुग्णाला अपुरी पडेल आणि दुसऱ्याला झटके आणेल. झटका हाच या औषधाचा मोठा धोका. हृदयाच्या ठोक्यांची लयही बिघडू शकते. लुळ्या पडलेल्या माणसाला आलेला झटका बाहेरून दिसतही नाही, कारण हातपाय हलतच नाहीत. त्यासाठी मेंदूचा आलेख चालू ठेवावा लागेल.

आणि संमती. या बाबतीत मी हट्टी आहे. काही वर्षांपूर्वी मुळशीकडचा एक तरुण शेतमजूर आमच्याकडे आला. जमिनीवर झोपला होता, पहाटे पोटात दुखून उठला, डोळे मिटू लागले, दंशाची खूण कुठेच नाही, मण्यार. पोचेपर्यंत श्वास बंद. नळी, व्हेंटिलेटर. तिसऱ्या दिवशी राउंडला त्याची बाहुली विस्फारलेली, हातपाय निपचित. त्याच्या खाटेशी एकाने मोठ्याने म्हटलं, "मेंदू गेलेला दिसतोय." मी त्याच्या दोन्ही पापण्या बोटांनी वर उचलल्या, माझा चेहरा त्याच्या नजरेसमोर आणला आणि म्हटलं, "दादा, ऐकू येतंय का? येत असेल तर पायाचा अंगठा हलवा." चादर बाजूला केली. अंगठा हलला, जेमतेम तांदळाएवढा. पुन्हा म्हटलं, पुन्हा हलला. तो तीन दिवस सगळं ऐकत होता. "मेंदू गेला" हेही.

बोटुलिझमचा रुग्णही असाच असतो. म्हणून या चाचणीत "रुग्ण बोलू शकत नाही, नातेवाइकाची सही घ्या" एवढ्यावर भागवणं मला मान्य नाही. एकदा हलवला तर हो, दोनदा हलवला तर नको, असा अंगठा ठरवून, साक्षीदार उभा करून, पापण्या उचलून धरून, त्याच्या भाषेत त्याला विचारलं पाहिजे. आपल्या देशातले २०१९चे चाचण्यांचे नियम साक्षीदाराची आणि नातेवाइकाच्या संमतीची तरतूद करतात. पण जागा माणूस जागा आहे हे ओळखण्याची जबाबदारी डॉक्टरचीच. झटक्याचा धोका त्याच्या अंगावर येणार आहे, सही करणाऱ्या मामाच्या नाही.

पुढे याहून मूळ उपाय येतील अशी मला आशा आहे. २०२१ साली दोन संशोधनांत, निकामी केलेल्या बोटुलिनम विषालाच वाहन बनवून त्यातून बारीक प्रतिपिंड (अँटिबॉडी) मज्जातंतूच्या आत पोचवले गेले, आणि लुळे पडलेले प्राणी सावरले. कात्रीच पकडायची, असं ते काम. ते अजून रुग्णाच्या खाटेपासून लांब आहे.

आता तुमचे दोन थेट प्रश्न. पुण्यात आणावं का? नाही. व्हेंटिलेटरवरच्या मुलीला इतक्या लांब विमानाने आणण्यात धोका आहे, आणि इथे तिला तिथल्यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. या आजाराचा अनुभव उलट तिथेच जास्त आहे. औषध द्यावं का? आज, या टप्प्यावर, चाचणीबाहेर, मी माझ्या स्वतःच्या भाचीला दिलं नसतं. विषाचा प्रकार ए निघाला, आणि आणखी काही आठवड्यांनी ती सावरताना व्हेंटिलेटर सुटायला थोडाच जोर कमी पडतोय असं दिसलं, तर तिथल्या न्यूरॉलॉजिस्टशी हा विषय काढा. तेव्हा किडनी कशी आहे, कधी झटके आले होते का, ईसीजी कसा आहे, हे ते बघतीलच.

त्याहून उपयोगाचं आत्ता विचारा. न्यूमोनिया झाला तर जेंटामायसिन, अमिकासिनच्या जातीची अँटिबायोटिक्स टाळता येतील का, कारण ती मज्जातंतू-स्नायूंचा हा अडथळा वाढवतात, मॅग्नेशियमही तसंच. मिटलेल्या डोळ्यांत मलम घालून ते ओले ठेवतात का. पायांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून इंजेक्शन चालू आहे का. गळ्यातून नळी, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, सुचवली तर घाबरू नका. इतके दिवस तोंडातून नळी ठेवण्यापेक्षा ती सुखाची असते, आणि बरी झाल्यावर भोक बुजतं.

आणि आजच्या व्हिडिओ कॉलवर तिथल्या सिस्टरना सांगा की भाचीच्या दोन्ही पापण्या हाताने वर धरा आणि फोन तिच्या डोळ्यांसमोर आणा, बाजूला नको, कारण तिला नजर वळवता येत नाही. मग तिच्याशी मराठीत बोला. आज कोणता वार, बाहेर उजेड आहे की रात्र, आई कधी पोचणार, आणि हे सगळं पूर्ववत होणारं आहे, हे सांगा. मग सिस्टरना चादर बाजूला करायला सांगून फोन पायांकडे धरायला लावा, आणि तिला अंगठा हलवायला सांगा. आज हलला नाही तर उद्या पुन्हा विचारा.